सौर पॅनेलचा माथा कसा शोधायचा?

अहिल्यानगरहून आष्टीकडे जाताना कडा हे गाव लागते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातला हा भाग अवर्षणप्रवण. पाऊस बेभरवशाचा, विहिरीतल्या पाण्याला पौष-माघानंतर भरवसा नाही. शेतीची तीन फेजची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने येत आली आहे: कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. थंडीत, अंधारात, विंचूकाट्याची भीती बाळगत दारे धरायला जाणे म्हणजे काय, हे या भागातल्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. म्हणूनच २०१९ साली सुरू झालेली केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ पासूनची राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांच्याकडे शेतकऱ्यांचे लक्ष लागले. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे आणि दिवसा पाणी द्यायचे.

अशाच एका शेतकऱ्याने जानेवारीतल्या एका दुपारी मला विचारले, “सर, माझ्या दहा प्लेटा आहेत. तीन वाजल्यानंतर त्यातल्या दोनच प्लेटांवर बाभळीची सावली येते. म्हणजे आठ प्लेटांचे पाणी तरी यायला पाहिजे ना? पण मोटार पाणीच टाकत नाही. बंद करून पुन्हा चालू केली तरी तेच. असे का?”

प्रश्न साधा आहे आणि शेतकऱ्याचा हिशेबही वरवर पाहता चोख आहे. मात्र उत्तरासाठी सौरघटाचे थोडे भौतिकशास्त्र आणि बारावीच्या गणितातला ‘महत्तम मूल्य’ हा धडा, दोन्ही लागतात. वर्गात ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे उदाहरण हाताशी ठेवावे असे आहे.

भोके असलेला रांजण

सौरघट म्हणजे सिलिकॉन या अर्धवाहकाची पातळ चकती. प्रकाश पडला की तिच्यात इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि बाहेरच्या मंडलातून वाहू शकतात. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट दाखवला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत.

सौरघटाचे वागणे समजण्यासाठी एक रांजण डोळ्यांसमोर आणा. वरून त्यात एकसारखी धार पडते आहे. तळाशी तोटी आहे. रांजणाच्या अंगाला भोके आहेत. तळाकडे जवळजवळ नाहीत, पण काठाकडे जावे तशी झपाट्याने वाढत जातात. वरून पडणारी धार म्हणजे सूर्यप्रकाश, पाण्याची पातळी म्हणजे विद्युतदाब आणि तोटीतून निघणारे पाणी म्हणजे विद्युतधारा.

तोटी पूर्ण उघडी ठेवली तर सगळे पाणी तोटीतूनच जाते, पण पातळी शून्य राहते. धारा महत्तम, दाब शून्य. तोटी पूर्ण बंद केली तर पातळी चढत जाते आणि भोकांतून गळणारे पाणी वरच्या धारेइतके झाले की थांबते. दाब महत्तम, धारा शून्य. विद्युतशक्ती म्हणजे दाब गुणिले धारा. म्हणून दोन्ही टोकांना हाती काहीच लागत नाही! फायद्याची जागा मध्ये कुठेतरी आहे. ती नेमकी कुठे?

आकडे मांडून पाहू

३६ घटांचे, सुमारे ४० वॅटचे एक नमुना पॅनेल घेऊ. तोटी पूर्ण उघडी असताना त्याची धारा २.४ अँपिअर आणि तोटी बंद असताना दाब २१.६ व्होल्ट आहे असे धरू. गळती दाबाबरोबर घातांकी पद्धतीने वाढते: दर १.२ व्होल्टला ती सुमारे २.७२ पट होते. पॅनेलमधले अंतर्गत रोध तूर्त सोडून दिले, तर गणिताने पुढील आकडे येतात.

दाब ५ व्होल्ट : धारा २.४० अँपिअर : शक्ती १२.० वॅट
दाब १० व्होल्ट : धारा २.४० अँपिअर : शक्ती २४.० वॅट
दाब १५ व्होल्ट : धारा २.३९ अँपिअर : शक्ती ३५.९ वॅट
दाब १७ व्होल्ट : धारा २.३५ अँपिअर : शक्ती ३९.९ वॅट
दाब १८ व्होल्ट : धारा २.२८ अँपिअर : शक्ती ४१.० वॅट
दाब १९ व्होल्ट : धारा २.१३ अँपिअर : शक्ती ४०.४ वॅट
दाब २० व्होल्ट : धारा १.७७ अँपिअर : शक्ती ३५.३ वॅट
दाब २१ व्होल्ट : धारा ०.९४ अँपिअर : शक्ती १९.८ वॅट

आडव्या अक्षावर दाब आणि उभ्या अक्षावर शक्ती घेऊन आलेख काढा. डावीकडून सावकाश चढत जाणारी आणि उजवीकडे कड्यासारखी कोसळणारी टेकडी दिसेल. तिचा माथा १८ व्होल्टच्या थोडा पुढे आहे. यालाच ‘महत्तम शक्तिबिंदू’ म्हणतात.

हे पॅनेल १२.५ व्होल्टच्या बॅटरीला सरळ जोडले तर बॅटरी पॅनेलला आपल्याच दाबावर बांधून ठेवते. मग शक्ती मिळते १२.५ × २.४ = ३० वॅट. ऊन तेच, पॅनेल तेच, पण ११ वॅट, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त शक्ती फुकट गेली. एकही तार तुटलेली नसते, कसला आवाज नाही, वास नाही. म्हणूनच हे नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही.

माथ्याची खूण

माथ्यावर टेकडी सपाट असते. म्हणजे दाब किंचित बदलला तरी शक्ती जवळपास बदलत नाही. शक्तीचे दाबाच्या संदर्भातले अवकलज शून्य असते. हा विचार जुना आहे. योहानेस केप्लर यांनी १६१५ साली दारूच्या पिंपांच्या मापनावर पुस्तक लिहिले. महत्तम मूल्याच्या आसपास बदल जाणवेनासा होतो, हे त्यांनी त्यात नोंदवले. पुढे फर्मा यांनी महत्तम-लघुतम काढण्याची रीत बसवली.

आपल्या पॅनेलला ही अट लावली की असे सूत्र मिळते:

दाब = २१.६ − १.२ × लॉग (१ + दाब ÷ १.२)

इथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग. दहाच्या पायाचा लॉग वापरायचा असेल तर त्याला २.३०३ ने गुणा. पण पंचाईत अशी, की दाब दोन्ही बाजूंना आहे आणि तो बीजगणिताने एका बाजूला काढता येत नाही. मग काय करायचे? एक अंदाज घ्यायचा, तो उजव्या बाजूला घालायचा आणि जे उत्तर येईल तो नवा अंदाज मानायचा. सुरुवात अगदी ओबडधोबड, २१.६ पासून करू. पहिल्या फेरीत १८.०७ येते. ते पुन्हा घातले की १८.२७. तिसऱ्या फेरीत १८.२६ आणि त्यानंतर उत्तर तिथेच थांबते. माथा १८.२६ व्होल्टवर, शक्ती ४१.१ वॅट. तीन ओळींच्या आकडेमोडीत उत्तर! विद्यार्थ्यांकडून हे फळ्यावर करून घ्यावे. ‘अंदाज घ्या, सुधारा, पुन्हा सुधारा’ ही रीत इष्टतमीकरणाच्या शास्त्राचा गाभा आहे.

माथा जागेवर राहत नाही

एकदा माथा सापडला की काम संपले असे नाही, कारण दिवसभर ऊन बदलत असते. ऊन निम्मे झाले की धारा निम्मी होते. वरच्याच गणिताने नवा माथा १७.४७ व्होल्टवर येतो आणि शक्ती १९.६ वॅट मिळते. दाब फारसा हलला नाही, पण माथ्यावर राहण्यासाठी लागणारा बाहेरचा रोध, म्हणजे दाब भागिले धारा, ८.१ ओहमवरून १५.६ ओहमवर गेला. आपण ८.१ ओहमचाच रोध जोडून ठेवला असता तर निम्म्या उन्हात १९.६ ऐवजी जेमतेम ११.७ वॅट मिळाले असते.

तापमानाचाही परिणाम होतो. घट तापला की रांजणाची भोके मोठी होतात असे समजा. सिलिकॉन पॅनेलची शक्ती दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने घटते. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे घटाचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. मे महिन्यात हवा ४० अंशांवर असताना उन्हातला घट ६५ अंशांपर्यंत सहज जातो. ४० अंशांच्या फरकाने १६ टक्के शक्ती गेली. ‘ऊन जितके कडक तितकी वीज जास्त’ ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते.

धुक्यातला वाटसरू

तेव्हा पॅनेल आणि मोटार यांच्यामध्ये सतत माथा शोधणारा कोणीतरी हवा. ते काम नियंत्रक, म्हणजे शेतकरी ज्याला कंट्रोलर म्हणतात ती पेटी, करते. तिच्या आतले इलेक्ट्रॉनिक मंडल पॅनेलवरचा दाब हवा तसा कमीजास्त करू शकते.

तिची नेहमीची रीत अगदी सोपी आहे. दाट धुक्यात बालाघाटच्या एखाद्या टेकडीवर तुम्ही उभे आहात अशी कल्पना करा. माथा दिसत नाही. मग एक पाऊल टाकून पाहायचे. चढ लागला तर त्याच दिशेने पुढचे पाऊल, उतार लागला तर उलटे. नियंत्रकही दाब किंचित वाढवतो, शक्ती मोजतो. वाढली तर आणखी वाढवतो, घटली तर मागे फिरतो. सेकंदाला अनेक वेळा हे चालू असते. माथ्याशी पोचल्यावर तो एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे असा घुटमळत राहतो. माथा सपाट असल्याने या घुटमळण्यात फारसे नुकसान होत नाही. केप्लरचे निरीक्षण इथे कामी येते.

टेकडी एकच असेल तोवर ही रीत उत्तम चालते. दोन टेकड्या असतील तर?

सावली पडली की टेकड्या दोन होतात

आता शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. पंपाची पॅनेल एकापुढे एक अशी एकसरीत जोडलेली असतात. एकसरीत सगळ्यांतून धारा एकच वाहते. रांगेत उभे राहून घमेली पुढे देणारी माणसे आठवा. एक जण हळू झाला की सगळी रांग हळू होते. असे होऊ नये म्हणून प्रत्येक पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. ते सुस्त गड्याला ओलांडून घमेले पुढे देण्याची सोय करतात. सावलीतल्या घटावर बाकीच्यांचा भार पडून तो जळू नये, हेही त्यांचे काम आहे.

दहापैकी दोन पॅनेलवर सावली आहे आणि तिथे ३० टक्केच प्रकाश पोचतो असे धरू. आता रांगेपुढे दोन पर्याय आहेत. पहिला: दोन पॅनेलना ओलांडून बाकी आठांनी पूर्ण धारेने काम करायचे. तेव्हा दाब आठ पॅनेलचा, शक्ती मूळच्या सुमारे ८० टक्के. दुसरा: सगळ्या दहांनी मिळून सावलीतल्या पॅनेलच्या गतीने, म्हणजे ३० टक्के धारेने काम करायचे. तेव्हा दाब दहांचा, पण शक्ती मूळच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

आलेखात म्हणून दोन टेकड्या दिसतात: डावीकडे उंच, उजवीकडे ठेंगणी, मध्ये दरी. आपल्या ४० वॅटच्या पॅनेलचे निम्मे घट अशाच सावलीत घातले आणि प्रत्येक अर्ध्याला बायपास डायोड असला, तर ८.६ व्होल्टला १९.४ वॅटचा एक माथा येतो आणि १८.७ व्होल्टला १३ वॅटचा दुसरा. मधल्या दरीत, १० व्होल्टच्या आसपास, शक्ती ७ वॅटपर्यंत उतरते.

सावली येण्याआधी नियंत्रक १८ व्होल्टच्या आसपास होता. सावली आल्यावर तो धुक्यात उभा आहे तो ठेंगण्या टेकडीवर. इकडे पाऊल टाकले तरी उतार, तिकडे टाकले तरी उतार. तो समजतो, आपण माथ्यावर आहोत! दरी ओलांडून पलीकडे उंच टेकडी आहे, हे एकेका पावलाने चालणाऱ्याला कळण्याची सोय नाही. आणि मोटार बंद करून पुन्हा चालू केली तर? बंद असताना पॅनेलचा दाब महत्तम असतो. म्हणजे असा नियंत्रक उजव्या टोकाकडून चढायला लागतो आणि त्याला पहिली भेटते ती ठेंगणी टेकडीच. शेतकऱ्याचा अनुभव अगदी बरोबर होता.

तिसरा हिस्सा शक्ती उरली तर तिसरा हिस्सा पाणी तरी यायला हवे, असे वाटेल. पण तेही येत नाही. पंपाला लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पंपाने निर्माण केलेला पाण्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. फेरे एका मर्यादेखाली गेले की पाणी विहिरीतून काठापर्यंत चढतच नाही. मोटार फिरते, पाइप कोरडा राहतो. सावली दोन प्लेटांवर आणि पाणी शून्य, याचे कोडे इथे सुटते.

थव्याची रीत

यावर उपाय काय? पहिला उपाय सरळ आहे. नियंत्रकाने दर काही मिनिटांनी दाब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून सगळा आलेख तपासायचा आणि सर्वांत उंच माथ्यावर जाऊन बसायचे. त्यात थोडा वेळ आणि थोडी शक्ती जाते, पण फसगत टळते.

दुसरा उपाय १९९५ साली केनेडी आणि एबरहार्ट यांनी मांडलेल्या ‘कणांच्या थव्याच्या’ रीतीचा आहे. एकाच वाटसरूऐवजी पाच-सहा जण डोंगरात वेगवेगळ्या जागी सोडायचे. प्रत्येक जण दोन गोष्टी लक्षात ठेवतो: स्वतःला सापडलेली सर्वांत उंच जागा आणि साऱ्या थव्याला सापडलेली सर्वांत उंच जागा. पुढचे पाऊल या दोहोंच्या ओढीने, थोडे दैवावर सोपवून टाकायचे. कोणा एकाला उंच टेकडी सापडली की हळूहळू सगळे तिकडे वळतात. नियंत्रकात अर्थात पाच माणसे नसतात. तो एकामागून एक पाच दाब तपासतो, एवढेच. खात्रीशीर हमी या रीतीतही नाही, पण ठेंगण्या टेकडीवर अडकण्याची शक्यता बरीच कमी होते.

हीच रीत पॅनेलची शक्ती आधीच वर्तवण्यासाठीही वापरतात. खऱ्या पॅनेलचे वागणे पाच अज्ञात राशींवर अवलंबून असते: प्रकाशाने निर्माण होणारी धारा, गळतीची धारा, डायोडचा गुणांक आणि दोन अंतर्गत रोध. त्या थेट मोजता येत नाहीत. म्हणून मोजलेला आलेख आणि गणिताचा आलेख यांतील फरक लघुतम होईल अशा राशी शोधायच्या. इथे डोंगर चढायचा नसतो, दरीचा तळ गाठायचा असतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेली ५७ मिलिमीटर व्यासाच्या एका फ्रेंच सौरघटाची २६ मोजमापे आजही या कामाची कसोटी मानली जातात. पक्षी, प्राणी, कीटक यांची नावे दिलेल्या कितीतरी रीती त्यांवर चालवून पाहिल्या गेल्या. चांगल्या रीती बहुतेक सगळ्या एकाच चुकीपाशी, सुमारे ०.०००९८६ अँपिअरपाशी, येऊन थांबतात. कारण दरीचा तळ तोच आहे. शोधणारा कोणीही असो, तळ त्याहून खाली जाणार नाही. नवी रीत आली की तिच्या नावापेक्षा ती किती पावलांत आणि किती खात्रीने पोचते, हे पाहावे.

शाळेत करून पाहण्यासाठी

१० वॅटचे एक छोटे पॅनेल, दोन मल्टिमीटर आणि १०, २२, ३३, ४७, १०० ओहमचे प्रत्येकी १० वॅट सहन करणारे रोधक घ्या. निरभ्र दिवशी बाराच्या सुमारास, दहा मिनिटांच्या आत, एकेक रोधक जोडून दाब आणि धारा मोजा. गुणाकार करून आलेख काढा. माथा ३० ओहमच्या आसपास येईल. मग एकाच घटावर पुठ्ठा धरा. छोट्या पॅनेलना बहुधा बायपास डायोड नसतात, त्यामुळे ३६ पैकी एक घट झाकला तरी जवळजवळ सगळी धारा नाहीशी होते. विद्यार्थ्यांना हे आधी सांगू नका, अंदाज करायला लावा. मात्र हा प्रयोग शेतातल्या पंपाच्या पॅनेलवर कधीही करू नये. तिथे शेकडो व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

दुसरा प्रयोग सावलीचा. कडा सुमारे १९ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला तिथे भरदुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. पण जानेवारीत दुपारी तीन-साडेतीनला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंशांवर असतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या दीडपटीहून लांब पडते. उन्हाळ्यात जागा पाहून पॅनेल बसवली, तेव्हा नैर्ऋत्येच्या सहा मीटर उंच बाभळीचा काहीच उपद्रव नव्हता. हिवाळ्यात तिचीच सावली साडेनऊ मीटरवर पोचली. आणि गहू, हरभरा, कांद्याला पाणी हवे असते ते नेमके तेव्हाच. गावात नवा सौर पंप बसणार असेल तर आठवी-नववीचे विद्यार्थी काठी, टेप आणि कोनमापक घेऊन ही सावली आधीच काढून देऊ शकतात.

त्या शेतकऱ्याला मी शेवटी थव्याची रीत सांगितली नाही. बाभळीच्या दोन फांद्या छाटा आणि पहाटे, प्लेटा गार असताना, धूळ पुसून घ्या, एवढेच सुचवले. इष्टतमीकरणाचे सगळे शास्त्र एका कोयत्याने हरवले असे वाटेल. पण कोणती फांदी छाटायची आणि का, हे त्या आलेखातल्या दोन टेकड्यांनीच दाखवले होते.